पुंजाराम मास्तरांच्या मशीनची ताकद

सोमवार, सोळा ऑक्टोबर एकोणीसशे बहात्तर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पुंजाराम खेतमाळीस अंधाऱ्या खोलीत उभा राहून स्वतःच्या डाव्या हाताची हाडं बघत होता.

हे त्याचं रोजचं काम. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या पेठेत डॉक्टर सुपेकरांचा दवाखाना होता, दवाखान्यात एक्स-रे मशीन होतं आणि ते धड आहे की नाही हे तपासायची पुंजारामची स्वतःची रीत होती. खिडकीवरचा काळा पडदा ओढायचा, पायाखालचं पेडल दाबायचं आणि हिरवट उजळणाऱ्या काचेच्या मागं आपला पंजा धरायचा. पाची बोटांची हाडं ओळीनं दिसली की मशीन खुशाल. सहा वर्षं तो असा दररोज आपल्या हाडांना रामराम घालत आला होता. त्या हाताची नखं आता काळपट पडली होती, त्यांना उभ्या भेगा गेल्या होत्या आणि बोटांची कातडी टोकाशी सुटत होती. बायको बनुबाई म्हणायची, हात कुणाला तरी दाखवा. पुंजाराम म्हणायचा, रोज दाखवतोच की मशीनला.

मशीन डॉक्टरांनी पुण्याच्या लिलावात घेतलं होतं. ते चालवायला माणूस हवा होता, आणि शोधायला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडं कमरुद्दीनची पिठाची गिरणी होती आणि तिथं पुंजाराम बारा महिने पट्टा, मोटर आणि फ्यूज यांच्याशी झटत असायचा. विकणाऱ्याच्या माणसानं दुपारभर बसून त्याला चार बटणं दाखवली आणि पुण्याची गाडी पकडली. त्या दिवसापासून पेठेत पुंज्याचा पुंजाराम मास्तर झाला. गिरणी मात्र त्याच्या अंगातून गेली नाही. पेशंटला तो दळण म्हणायचा. दारातून मान बाहेर काढून विचारायचा, "पुढचं दळण कुणाचं?" आणि खोकणारी माणसं निमूट हात वर करायची.

पेठेतली वीज बेताची होती. गिरणी आणि मशीन एकाच वेळी चालायची नाहीत. म्हणून मागच्या खिडकीबाहेर रुळाचा एक तुकडा तारेनं टांगला होता. पुंजारामनं त्यावर एक टोला दिला की कमरुद्दीन गिरणी थांबवायचा, दोन दिले की सोडायचा. गिरणी थांबली की अख्ख्या पेठेला कळायचं, आत कुणाची तरी छाती बघतायत. मशीनच्या पेटीवर काट्याचं घड्याळ होतं आणि त्यावर लाल रेघ. शेजारी खटका होता, तो दर खेपेला वर केल्याशिवाय पेडल दाबूनही किरण निघायचे नाहीत. काटा रेघेच्या खाली असेल तर मशीन सोडायचं नाही, असं विकणाऱ्याच्या माणसानं बजावलं होतं. गर्दीच्या दिवशी पुंजाराम त्या रेघेकडं पाठ करून उभा राहायचा.

कर्जतच्या लोकांना फोटोपेक्षा स्क्रीनिंग प्यारं होतं. फोटोला क्षणभर किरण सोडतात आणि काम संपतं. स्क्रीनिंगमध्ये डॉक्टर काचेसमोर बसून, किरण चालू ठेवून, मनाला येईल तेवढा वेळ छाती न्याहाळतात. जितका जास्त वेळ, तितकी डॉक्टरांची माया जास्त. घाईत बघितलं तर माणूस घरी जाऊन कुरकुर करायचा. त्यातून पुंजारामनं एक समजूत पसरवली होती की किरणांनी आतला आजार थोडा थोडा जळतो. डॉक्टरांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी ते कधी खोडलंही नव्हतं. पेशंटचा शब्द खाली पाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंधाराला डोळे सरावावेत म्हणून ते आधी अर्धा तास लाल काचांचा चष्मा घालायचे. तो घालून ते पेठेतून फेरी मारून यायचे, म्हणजे आज मशीन चालू आहे हे सांगायला दवंडी लागायची नाही. शिशाचा एप्रन एकच होता. तो डॉक्टरांचा.

एवढं सगळं असूनही पुंजारामच्या काळजात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरनं नवं मशीन आणलं. तिथं जाऊन आलेले लोक चहाच्या हॉटेलात बसून सांगायचे की तिथं श्वाससुद्धा धरावा लागत नाही, बटण दाबलं की फोटो. आपली कर्जतची म्हणजे रॉकेल संपत आलेला कंदील. पुंजाराम समोर असला की कुणीतरी हमखास विचारायचं, "मास्तर, तुमच्या फोटूत पाऊस कवा दिसतोय? ढग तर लई असत्यात." त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. शिवारात खडी फोडायची कामं निघाली होती आणि गिरणीवर रेशनचा लाल मिलो, परदेशी जोंधळा, दळला जात होता. त्यामुळं हा विनोद गावाला फार आवडला. पुंजाराम हसून घ्यायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही.

आज खंडेनवमी होती. गिरणीत असताना त्या दिवशी मोटारीची पूजा व्हायची आणि पहिलं दळण देवीच्या देवळाचं असायचं. कमरुद्दीन नारळ आणून द्यायचा आणि गुळाचा खडा सगळ्यांच्या आधी तोंडात टाकायचा. पुंजारामनं ही रीत जशीच्या तशी दवाखान्यात आणली होती. मशीनला हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं आणि वर्षभरात ज्याच्या सगळ्यांत जास्त वाऱ्या झाल्या असतील त्याला पहिल्या स्क्रीनिंगचा मान द्यायचा, फुकट, वर नारळ आणि टॉवेल. गेल्या वर्षी हा मान एका दमेकरी म्हाताऱ्याला मिळाला होता. संक्रांतीला तो वारला. टॉवेल त्याच्या अंगावरच होता आणि घरच्यांनी तो अभिमानानं सगळ्यांना दाखवला.

या वर्षीचा मान मनकर्णेचा होता. मनी आठ-नऊ वर्षांची, सोसायटीचे चेअरमन मच्छिंद्रअण्णा यांची नात. बाप लष्करात, सुट्टीला यायचा. पोर चालायला लागली तेव्हापासून झोकांड्या खायची, आणि वय वाढलं तशा झोकांड्याही वाढल्या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरांचं जाळं होतं. गाव म्हणायचं, डोळे आलेत. ते तीन वर्षं आलेलेच होते. छाती भरायची, उतरायची, पुन्हा भरायची. अण्णांनी नातीसाठी काही कमी केलं नव्हतं. दर मंगळवारी तिचं स्क्रीनिंग व्हायचं, पहिल्या नंबरानं. वरचेवर फोटोही निघायचे. ते फोटो अण्णांनी शिवून घेतलेल्या पिशवीत असायचे, आणि पाहुणे आले की चहाच्या आधी पिशवी बाहेर यायची. एवढा खर्च तालुक्यात दुसऱ्या कुणी नातीवर केला असेल तर दाखवा, असा त्यांचा सवाल असायचा.

पुंजाराम हार गाठीत असताना मागच्या दारानं मनीची आई आली. चांगुणा डोक्यावरचा पदर दातात धरून उंबऱ्याशीच उभी राहिली. तिला सासऱ्यांच्या आधी पोहोचायचं होतं.

"मास्तर, आज मनीला मशीनीखाली घेऊ नका."

पुंजारामला ते कळलंच नाही. मान तिचा, नारळ तिचा, अण्णांनी फेट्याला इस्त्री केलेली, आणि ही बाई म्हणते घेऊ नका.

मग चांगुणानं गेल्या महिन्यातली हकीकत सांगितली. ती गावानं अर्धी ऐकली होती. खडी फोडायच्या कामावर पटकीची लस टोचायला नगरहून डॉक्टरांची तुकडी आली होती. तीत लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, शरिफाबाई. अण्णा नातीला आणि पिशवीला घेऊन तिथं गेले. बाईंनी पिशवी उघडलीच नाही. त्यांनी मनीला चालायला सांगितलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळे ओढून बघितले, कानांच्या पाळ्या बघितल्या. मग विचारलं, किती वेळा मशीनखाली उभी केली हिला? अण्णांनी फुशारकीनं पिशवी वर केली.

नंतर बाई जे बोलल्या त्यातलं निम्मं 'बहुतेक' आणि 'नक्की माहीत नाही' यांत गेलं. आपलं अज्ञान एवढं बारकाईनं मोजून सांगणारा डॉक्टर तालुक्यानं पाहिला नव्हता, आणि त्यामुळं बाईंची किंमत जागच्या जागी उतरली. पण चांगुणानं उरलेलं निम्मं धरून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या की या पोरीत जन्मापासून रोगाशी झगडणारं सैन्य तोकडं आहे, म्हणून छाती भरते. चाल आणि डोळे हेही त्याच आजाराचे. असा आजार फार थोड्यांना होतो. परदेशात अशा दोन-तीन मुलांना गाठी झाल्या म्हणून किरणांचा जोराचा इलाज दिला, तर एरवी माणसाची नुसती कातडी लाल व्हावी एवढ्या किरणांनी ती मुलं आतून-बाहेरून भाजून निघाली. वाचली नाहीत. असं का होतं ते अजून कुणालाच सांगता येत नाही. छातीचा एखादा फोटो म्हणजे त्या मानानं थेंब. जीवावर बेतलं तर तोही काढावा. पण दर आठवड्याला उगाच मशीनखाली उभं केलं तर थेंब थेंब राहत नाही.

अण्णांनी यातलं एकच वाक्य ऐकलं होतं. आमच्या घरात सैन्य तोकडं? पोरीचा बाप लष्करात आहे. पिशवी काखोटीला मारून ते निघून आले होते, आणि तेव्हापासूनचे सगळे मंगळवार ठरल्याप्रमाणं झाले होते.

पुंजारामनं हे ऐकताना हाराची गाठ तीनदा चुकवली. शेवटी तो म्हणाला की असल्या बायका लस टोचायला ठीक, मशीनमधलं त्यांना काय कळतंय. सहा वर्षांत ह्या मशीनीखाली कोण भाजलं का? त्यानं पुरावा म्हणून हात पुढं केला आणि काळी नखं दिसताच धोतराला पुसून मागं घेतला. मग एकदम थांबून त्यानं विचारलं, "बाई कुणाच्या मशीनीबद्दल बोलत हुत्या? नगरच्या?"

"न्हाई. आपल्या."

"आपल्या म्हंजी ह्या?"

"व्हय. हीच मशीन. हिचं किरण तिला सोसायचं न्हाईत म्हणल्या."

पुंजाराम स्टुलावर बसला. गेली दोन वर्षं ज्या मशीनला गाव कंदील म्हणत होतं, तिच्याबद्दल पुण्यात शिकलेली, नगरात दवाखाना असलेली डॉक्टरीण म्हणाली होती की हिचे किरण सोसायचे नाहीत. श्रीगोंद्याच्या मशीनबद्दल असं कुणी बोललं होतं का? तिथं तर श्वाससुद्धा धरावा लागत नाही.

"बाई नेमकं काय म्हणल्या, परत एकदा सांग," तो म्हणाला. "दमानं सांग."

चांगुणानं परत सांगितलं. या खेपेला तिनं थेंबाचा भाग गाळला. मुद्दाम गाळला की घाईत राहिला, हे तिलाच माहीत. पुंजारामनं मशीनकडं असं बघितलं जसं लोक घरच्या थोरल्या पोराकडं तो तालुक्यात पहिला आल्यावर बघतात.

"न्हाई घेत मनीला," तो म्हणाला. "जा तू."

नऊ वाजता दवाखान्याचा ओटा माणसांनी भरला. गिरणीपुढं बायका मिलोचे डबे घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याला घरात निदान पीठ तरी असावं अशी त्यांची इच्छा होती. डॉक्टर लाल चष्म्यानं पेठेची फेरी मारून आले. अण्णा फेटा बांधून, नातीचा दंड धरून पुढं उभे राहिले. मनीला नवा परकर होता. चांगुणा मागं भिंतीला टेकून होती. आरती झाली, झेंडूचा हार मशीनच्या मानेवर चढला, त्यातली निम्मी फुलं त्या वर्षी कागदाची होती. डॉक्टरांनी नारळ आणि टॉवेल हातात घेतला आणि पुंजारामनं घसा खाकरला.

त्यानं जे भाषण केलं त्याचा सारांश असा की आजवर ह्या मशीनला ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली त्यांनी कान उघडून ऐकावं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय, हिच्यात एवढी ताकद आहे की चेअरमनसाहेबांच्या नातीला ती सोसणार नाही. परदेशात असल्या ताकदीनं पोरं भाजून निघाली. म्हणून मास्तरच्या नात्यानं तो हा मान मनकर्णेला देऊ शकत नाही.

ओट्यावर कुजबुज झाली, आणि ती आदराची होती. चहाच्या हॉटेलवाल्या विनोदवीरांनी सुद्धा माना वाकड्या करून मशीन नव्यानं न्याहाळलं. पंचाईत झाली ती डॉक्टर सुपेकरांची. हो म्हणावं, तर तीन वर्षं दर मंगळवारी त्यांनीच त्या पोरीला काचेमागं उभं केलं होतं. नाही म्हणावं, तर आपलं मशीन कंदील आहे हे भर सणाला चारचौघांत कबूल करावं लागत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मी तेच सुचवणार होतो, अण्णासाहेब. योग्य वेळेची वाट बघत होतो."

अण्णा भडकले, पण शहाणपणानं भडकले. जाहीर केलेला मान घरातून जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी आधी पक्कं केलं. पोरगी नसेल तर आपण आहोत. मशीनमध्ये ताकद आहे म्हणतोस, मग माझ्या छातीवर चालव, बघू किती आहे ती. त्यांनी फेटा उतरवून शेजारच्याच्या हातात दिला आणि सदरा काढला. पुंजारामनं रुळावर एक टोला दिला, गिरणी थांबली, डबेवाल्या बायकांनी कपाळाला हात लावला. दारात माणसं दाटली, दिवा मालवला, काच हिरवी उजळली आणि अण्णांच्या बरगड्या पंचायतीच्या शिडीसारख्या दिसू लागल्या. मान मोठा म्हणून डॉक्टरांनी पेडलवरचा पाय लवकर उचलला नाही. एप्रनमध्ये ते सुरक्षित होते.

दिवा लागला. अण्णा जसेच्या तसे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी छातीवर हात फिरवला, नारळ घेतला, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मग त्यांच्या डोक्यात विचार आला. विचार आला की चेअरमन तो पोटात ठेवत नसत.

"मला काय झालं? काय न्हाई. मंग माझ्या नातीला काय हुनार? रगत तर एकच हाय." त्यांनी मागं वळून पोरीला पुढं ओढलं. "घ्या हिला. मान दोघांचा."

डॉक्टरांनी मान हलवली, म्हणजे होकार की नकार ते ज्यानं त्यानं ठरवावं. चांगुणा भिंतीपासून सुटून पुढं आली आणि म्हणाली, मामा, नको. सुनेनं भरल्या ओट्यावर सासऱ्याला नको म्हणायची ही पेठेतली बहुधा पहिलीच वेळ, आणि त्यानं अण्णांचा निश्चय दुप्पट झाला. त्यांनी पोरीला आत ढकललं. दिवा परत मालवला.

मनीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. झोकांडी खात ती मशीनपर्यंत गेली, दांडीला धरून सरळ झाली, परकराची नाडी वर खोचली, हनुवटी काचेच्या कडेवर टेकवली, खांदे पुढं काढले आणि सांगायच्या आधीच श्वास धरला. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं. ती श्वास धरून उभी राहिली, जशी दर मंगळवारी राहायची. मास्तर नेहमी म्हणायचे, श्वास धरण्यात मनीचा हात धरणारा दुसरा पेशंट नाही.

पुंजाराम पेटीपाशी उभा होता. काटा लाल रेघेच्या चांगला वर होता. सकाळपासून आपण काय बोललो ते त्याला आठवत असावं: ताकद आहे, सोसणार नाही, मुलं भाजून निघाली. मशीनच्या बढाईसाठी त्यानं हे ओट्यावरून सगळ्या पेठेला ऐकवलं होतं, आणि आता ते खरं मानणारा त्या खोलीत तो एकटाच उरला होता. बढाई मारणाऱ्याची ही मोठी अडचण असते. लोक विसरतात, त्याला विसरता येत नाही.

त्यानं काळ्या पडद्याआडून हात बाहेर घातला आणि रुळावर दोन टोले दिले.

पलीकडं कमरुद्दीननं 'अल्ला, आटपलं एकदाचं' असं म्हणत पट्टा चढवला. बायकांनी डबे पुढं सरकवले, गिरणी घरघरली आणि काटा लाल रेघेखाली जाऊन पडला. डॉक्टरांनी पेडल दाबलं. काच काळीच राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं, मग पायानं चांगलं हाणलं. पेडल वाजलं, मशीन हललं, पण उजळलं नाही, कारण पुंजारामनं पेटीचा खटका वर केलाच नव्हता.

"काय झालं रे?" डॉक्टर म्हणाले.

"काटा रेघंच्या खाली हाय," पुंजाराम म्हणाला. आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं पुढं सांगितलं, "तिच्यात तेवढी ताकद न्हाई आज."

दारात हशा पिकला. कंदील, असं कुणीतरी म्हणालं. मघापासून दबून असलेले विनोदवीर एकदम ताजेतवाने झाले. एकानं तर रॉकेल आणू का म्हणून विचारलं. पुंजारामनं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. ज्या एका गोष्टीसाठी तो सहा वर्षं जगला होता ती त्यानं अर्ध्या तासात मिळवली होती आणि आपल्याच तोंडानं घालवली होती. त्यानं दिवा लावला. मनीनं अजून श्वास धरला होता. सोड आता, असं त्यानं सांगितल्यावर तिनं सोडला आणि तिला खोकला आला.

गोष्ट इथं संपायची, आणि अण्णा काटा वर चढेपर्यंत थांबायचेही. ते तसं म्हणालेसुद्धा. पण त्यांचं लक्ष खाली गेलं. डॉक्टरांच्या लाथेनं मशीनच्या मानेवरचा हार हिसकला होता आणि त्यातलं झेंडूचं एक फूल, खरं, कागदाचं नव्हे, फरशीवर पडलं होतं.

अण्णांचा आवाज उतरला. "डावं पडलं," ते म्हणाले.

खंडेनवमीला, पूजा झालेल्या मशीनवरून, पोरगी समोर उभी असताना फूल पडलं होतं, तेही डाव्या अंगाला. देवळात देवीला कौल लावला की उजवं फूल म्हणजे होकार, डावं म्हणजे नकार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लगेच वाद झाला, डावं कुणाचं? मशीनपुढं उभं राहिलं तर फूल उजवीकडं होतं. मशीनच्या जागी उभं राहिलं तर डावीकडं. देवळात मूर्तीची उजवी-डावी धरतात, बघणाऱ्याची नाही, असा निवाडा झाला, आणि मशीन ही त्या दिवसापुरती मूर्तीच होती. डॉक्टर सुपेकर, एम.बी.बी.एस., यांना मत विचारलं गेलं. त्यांनी मशीनच्या बाजूला जाऊन, पाठ भिंतीला लावून, दोन्ही हात पसरून पाहिले आणि फूल डावंच असल्याचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं.

"मला घेतलं तिनं आन् पोरीला न्हाई घेतलं," अण्णा म्हणाले. "कौल झाला. हितून पुढं मनीला मशीन लावायची न्हाई. कुठलीच. श्रीगोंद्याची न्हाई, नगरची न्हाई." त्यांनी फुलाला हात जोडले.

पुंजारामला हे सहन झालं नाही. एकदा स्वतःचा अपमान करून घेतल्यावर निदान तो कुणाच्या तरी हिशेबात धरला जावा, असं माणसाला वाटतं. तो पुढं होऊन म्हणाला, "अण्णा, कौल-बिल काय न्हाई. गिरणी मीच सोडली. दोन टोलं मीच दिलं."

अण्णांनी त्याच्याकडं दयेनं बघितलं.

"तुझ्या हातनं तिनंच देवविलं, मास्तर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रॉकेलवाल्यानंही डोलावली. पुंजारामच्या हातात अण्णांनी गुळाचा खडा ठेवला आणि माणसं बाहेर पडू लागली. बाहेर तोवर वेगळीच रांग लागली होती. चेअरमनला ज्या मशीननं घेतलं ती आपल्यालाही घेते का, हे बघायला पेठेतले धडधाकट बापे सदरे काढून उभे होते. कुणालाही खोकला नव्हता. डॉक्टरांनी कुणालाही परत पाठवलं नाही. एक टोला, दोन टोले, एक टोला, दोन टोले असं दुपारपर्यंत चाललं, आणि पुंजाराम प्रत्येकाला खांदे धरून काचेमागं नीट उभं करत राहिला. काळ्या नखांचा तो हात प्रत्येकाच्या छातीबरोबर काचेत दिसत होता. बायकांचं दळण सूर्य डोक्यावर येईपर्यंत अर्ध्यावरच राहिलं, आणि कमरुद्दीननं देवीचा कौल या विषयावर आपलं मत भिंतीपलीकडून मोठ्यानं सांगितलं. ते छापण्यासारखं नाही.

चांगुणा पोरीला घेऊन मागच्या दारानं गेली. जाताना ती मास्तरपाशी थांबली. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि कौलही तिनं ऐकला होता. दोन्हींतलं कुठलं टिकेल याचा अंदाज असल्यानं तिनं फूल उचलून पदराला बांधलं होतं. मनी झोकांड्या खात तिच्यामागं चालली होती. तिची छाती अजून घुरघुरत होती. मशीन टळलं म्हणून आजार टळत नाही, हे शरिफाबाईंनी बजावून ठेवलं होतं आणि नगरला आणून दाखवा असंही सांगितलं होतं. अण्णांना ते पटवायला आणखी एखादं फूल लागणार होतं.

संध्याकाळी दवाखाना झाडून पुंजारामनं दुसऱ्या दिवशीच्या नंबरांची पाटी लिहायला घेतली. तेवढ्यात अण्णांचा निरोप आला. सकाळी मशीनखालून निघाल्यापासून त्यांना छातीत हलकं वाटत होतं, भूकही चांगली लागली होती, आणि एवढा मोठा कौल मिळाल्यावर मध्येच सोडणं बरं दिसलं नसतं. नातीची जागा मोकळी झालीच आहे, तर ती त्यांच्या नावानं चालू ठेवावी. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, हरकत नाही.

उद्या दसरा आहे आणि मंगळवारही. मंगळवारचं स्क्रीनिंग सकाळी नऊ वाजता सुरू होतं, सणालाही होतं, आणि उद्या पहिला नंबर मच्छिंद्रअण्णांचा आहे.